मेलमधली लिंक कोणत्या ब्राउझरात उघडायची, हे लिनक्सवर ठरवतं कोण?

माझ्या लॅपटॉपवर काही आठवडे एक विचित्र प्रकार चालला होता. मेलमधल्या बहुतेक लिंका मी नव्याने निवडलेल्या ब्राउझरात उघडायच्या, पण मधूनच एखादी थेट जुन्या ब्राउझरात जायची. आधी वाटलं, कोणी पाठवलंय त्यावर अवलंबून असेल. मग वाटलं, जो ब्राउझर आधीपासून चालू असेल त्यात जात असेल. दोन्ही अंदाज चुकले. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, विचारून पाहिलं, तर उत्तर नव्या ब्राउझरचंच आलं.

शेवटी अशा एका चुकार लिंकवर क्लिक न करता नुसता माउस नेऊन ठेवला आणि खिडकीच्या तळाशी उमटलेला पत्ता नीट वाचला. मेलच्या मजकुरात 'एचटीटीपीएस'ने सुरू होणारा पत्ता छापलेला होता, पण त्यामागे दडलेला खरा पत्ता होता नुसत्या 'एचटीटीपी'चा. वार्तापत्रं पाठवणाऱ्या सेवा किती जणांनी क्लिक केलं हे मोजण्यासाठी मूळ लिंकच्या जागी बऱ्याचदा स्वतःची लिंक घालतात, तसला हा प्रकार होता. मग आधीच्या चुकार लिंका तपासल्या. एकीलाही 'एस' नव्हता.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ब्राउझर बदलताना मी एकच कमांड चालवली होती आणि ती होती फक्त एचटीटीपीएससाठी. साध्या एचटीटीपीचा कारभार जुन्या ब्राउझरकडेच राहून गेला होता. टर्मिनललाही मी फक्त एचटीटीपीएसचंच विचारत होतो, त्यामुळे उत्तर दर वेळी बरोबर येत होतं.

हे सांगायचं कारण असं की 'डीफॉल्ट ब्राउझर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच बटण येतं: हा किंवा तो. लिनक्सच्या डेस्कटॉपवर असं एक बटण नसतं. एचटीटीपी कोणाकडे, एचटीटीपीएस कोणाकडे, एचटीएमएल फाइल कोणाकडे, असे वेगवेगळे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. शिवाय प्रत्येक प्रोग्राम हे प्रश्न एकाच ठिकाणी विचारेल असंही नाही. मेलमधली लिंक भलतीकडे उघडत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये पुन्हा पुन्हा 'मला डीफॉल्ट करा' दाबण्यापेक्षा आपला मेल प्रोग्राम नेमकं कोणाला विचारतो हे शोधलेलं बरं. एकदा ते कळलं की दुरुस्तीला दोन मिनिटं पुरतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना ती रोमन अक्षरांत लिहायची. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी लहान लिपीत, आणि मधली आडवी रेघ, टिंब, तिरकी रेघ जशीच्या तशी.

क्लिक केल्यावर पडद्यामागे

लिंकवर क्लिक झालं की मेल प्रोग्राम आधी पत्त्याचा सुरुवातीचा, म्हणजे दोनबिंदूच्या आधीचा तुकडा पाहतो. तिथे एचटीटीपी असेल, एचटीटीपीएस असेल, मेलटू असेल, टेल असेल. या तुकड्याला स्कीम म्हणतात. पुढे साइटचं नाव काय आहे याच्याशी मेल प्रोग्रामला काही देणंघेणं नसतं. त्याला एवढंच हवं असतं की या स्कीमचा पत्ता सांभाळायला या संगणकावर कोण नेमलेलं आहे.

ही नेमणूक एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. तुमच्या होम फोल्डरमध्ये 'डॉट-कॉन्फिग' नावाचं लपलेलं फोल्डर असतं. त्यातली 'माइमॲप्स.लिस्ट' ही ती फाइल. कोणत्याही टेक्स्ट एडिटरात ती उघडता येते आणि वाचायला अजिबात घाबरायचं कारण नाही. माझ्याकडच्या फाइलमध्ये त्या दिवशी जे होतं त्याचा सार असा:

[डीफॉल्ट ॲप्लिकेशन्स]
टेक्स्ट/एचटीएमएल=जुना.डेस्कटॉप
एक्स-स्कीम-हँडलर/एचटीटीपी=जुना.डेस्कटॉप
एक्स-स्कीम-हँडलर/एचटीटीपीएस=नवा.डेस्कटॉप

या चार ओळींत माझं सगळं दुखणं होतं. डावीकडे कामाचं नाव, उजवीकडे ते कोणी करायचं त्याचं नाव. 'टेक्स्ट/एचटीएमएल'ची ओळ बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. मेलला जोडून आलेली एचटीएमएल फाइल, उदाहरणार्थ एखादं विवरणपत्र, उघडताना स्कीम लागू होत नाही. तिथे फाइलचा प्रकार बघितला जातो. म्हणून लिंका बरोबर ब्राउझरात उघडतात आणि जोडलेली फाइल मात्र दुसरीकडे, कधी तर चक्क टेक्स्ट एडिटरात उघडते, असंही होतं.

उजव्या बाजूला ब्राउझरचं नुसतं नाव नसतं, शेवटी 'डॉट-डेस्कटॉप' असलेल्या एका फाइलचं नाव असतं. ही फाइल म्हणजे त्या प्रोग्रामची ओळखपत्रिका. मेन्यूत दिसणारं नाव, चिन्ह, कोणकोणती कामं तो करू शकतो त्यांची यादी आणि तो सुरू करण्याची नेमकी कमांड, हे सगळं त्यात असतं. कमांडच्या ओळीत शेवटी '%यू' असं काहीतरी दिसेल. क्लिक केलेला पत्ता तिथे येऊन बसतो. स्वतः बनवलेल्या डेस्कटॉप फाइलमध्ये हे चिन्ह लिहायला विसरलं की ब्राउझर उघडतो आणि कोरा बसून राहतो, कारण पत्ता त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

पॅकेजमधून बसवलेल्या प्रोग्रामांच्या डेस्कटॉप फाइली सहसा 'यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स' या फोल्डरात असतात, आणि तुमच्या एकट्याच्या असतील त्या होम फोल्डरमधल्या 'डॉट-लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स'मध्ये. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या प्रोग्राम बसवण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत; त्यांची फोल्डरं निराळी, आणि फाइलींची नावंही निराळी. फायरफॉक्सचंच बघा. नेहमीच्या पॅकेजमधून आला तर फाइलचं नाव बहुतेक ठिकाणी 'फायरफॉक्स.डेस्कटॉप'. फ्लॅटपॅकमधून आला तर 'ऑर्ग.मोझिला.फायरफॉक्स.डेस्कटॉप'. स्नॅपमधून आला तर 'फायरफॉक्स_फायरफॉक्स.डेस्कटॉप'. ब्राउझर तोच, पण यादीच्या दृष्टीने हे तीन वेगळे प्रोग्राम आहेत. उबंटू या लिनक्सच्या डिस्ट्रिब्यूशनने, म्हणजे जुळवून दिलेल्या तयार संचाने, २०२१ मधल्या २१.१० आवृत्तीत फायरफॉक्स स्नॅपच्या रूपात द्यायला सुरुवात केली. अशी अदलाबदल झाली की यादीत जुनं नाव राहतं आणि प्रत्यक्षात ती फाइल जागेवर नसते.

यादीत नाव आहे पण फाइल नाही, अशा वेळी काय होतं? बहुतेक वेळा चूक दाखवली जात नाही. ती ओळ मुकाट्याने सोडली जाते, पुढच्या याद्या पाहिल्या जातात, आणि कुठेच नेमणूक सापडली नाही तर 'हे काम मला येतं' असं स्वतःच्या डेस्कटॉप फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांपैकी कोणीतरी उचलला जातो. ब्राउझर काढून टाकल्यावर लिंका भलत्याच प्रोग्रामात उघडू लागतात त्यामागे बहुधा हेच कारण असतं. माझ्या मते इथे एखादा इशारा मिळायला हवा होता. गुपचूप दुसरा पर्याय धरण्यामुळे माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

याद्या एकापेक्षा जास्त का?

याला इतिहास आहे. केडीई आणि ग्नोम हे लिनक्सचे दोन मोठे डेस्कटॉप. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं आणि ग्नोम १९९७ मध्ये. दोघांनी आपापल्या पद्धतीने 'कोणतं काम कोणाकडे' हे नोंदवायला सुरुवात केली. एका डेस्कटॉपसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालवला की त्याला तिथली नेमणूक कळायची नाही. या दोघांत आणि इतरांत काही समान नियम असावेत म्हणून हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० साली फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू केला. त्याचं आधीचं नाव एक्स डेस्कटॉप ग्रुप, आणि कमांडच्या सुरुवातीला दिसणारं 'एक्सडीजी' तिथूनच आलं आहे. माइमॲप्स यादीचा नियमही याच प्रकल्पातला.

नियम समान झाला तरी प्रत्येक डेस्कटॉपला स्वतःची पसंती ठेवायला जागा दिलेली आहे. 'डॉट-कॉन्फिग'मध्येच 'ग्नोम-माइमॲप्स.लिस्ट' अशा नावाची फाइल असेल तर ग्नोममध्ये असताना आधी ती वाचली जाते आणि मग सर्वसाधारण यादी. तुमची वैयक्तिक यादी आधी, संगणकाच्या प्रशासकाने ठेवलेली त्यानंतर, आणि डिस्ट्रिब्यूशनसोबत आलेली सर्वांत शेवटी, असा हा मानाचा क्रम. सर्वसाधारण यादी कितीही दुरुस्त केली तरी फरक पडत नसेल तर आपल्या डेस्कटॉपच्या नावाची वेगळी यादी शेजारी आहे का, ते बघा.

एक्सएफसीई या आणखी एका डेस्कटॉपमध्ये वेगळी एक पायरी भेटू शकते. तिथे सेटिंग्जमधून निवडलेला ब्राउझर 'हेल्पर्स.आरसी' नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये नोंदवला जातो. माइमॲप्स यादीत मग खऱ्या ब्राउझरऐवजी 'एक्सएफसीई४-वेब-ब्राउझर.डेस्कटॉप' असं नाव दिसतं. याचा अर्थ एवढाच की 'हेल्पर्समध्ये जो लिहिला असेल त्याला दे'. यादीत ओळखीचं नाव दिसत नाही म्हणून ती ओळ पुसू नका. सेटिंग्जमधल्या डीफॉल्ट ॲप्लिकेशन्समध्ये जाऊन ब्राउझर बदलला की काम होतं.

जुन्या सल्ल्यांबद्दल एक सूचना. 'जीकॉन्फ' उघडा आणि यूआरएल हँडलरची कमांड बदला, असं सांगणारा मजकूर अजून बराच सापडतो. ती ग्नोमच्या दुसऱ्या पिढीची पद्धत होती. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि नेमणुका वर दाखवलेल्या 'एक्स-स्कीम-हँडलर'च्या ओळींत गेल्या. जुन्या जागी काहीही लिहिलं तरी आजचे प्रोग्राम तिथे बघत नाहीत.

बदल करायचा कसा

सोपा रस्ता सेटिंग्जचाच. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, सगळ्यांत 'डीफॉल्ट ॲप्स' किंवा त्या अर्थाचं पान असतं. तिथे वेब ब्राउझर निवडा. ग्नोमच्या सेटिंग्जमधून निवड केली की एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि एचटीएमएल या तिन्ही नेमणुका एकदम बदलतात. मी हा रस्ता सोडून टर्मिनलमध्ये अर्धवट काम केलं आणि त्याची फळं भोगली.

टर्मिनलमधूनच करायचं असेल तर 'एक्सडीजी-सेटिंग्ज' वापरा. 'एक्सडीजी-सेटिंग्ज गेट डीफॉल्ट-वेब-ब्राउझर' म्हटलं की सध्याची डेस्कटॉप फाइल कळते. 'गेट'च्या जागी 'सेट' लिहून शेवटी नव्या ब्राउझरच्या डेस्कटॉप फाइलचं नाव दिलं की बदल होतो. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्ही ती एकत्र हाताळते, म्हणून ब्राउझरपुरती मी आता हीच कमांड वापरतो.

दुसरी कमांड 'एक्सडीजी-माइम'. ती एका वेळी तुम्ही सांगाल तेवढंच करते. एकच ओळ तपासायची असेल तर हिच्यासारखी कमांड नाही: 'एक्सडीजी-माइम क्वेरी डीफॉल्ट एक्स-स्कीम-हँडलर/एचटीटीपी'. मग तेच एचटीटीपीएससाठी, मग 'टेक्स्ट/एचटीएमएल'साठी. तीन प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं आणि गोंधळ कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं.

सेट करताना 'ब्राउझर आधीच ठरवलेला आहे, बदलता येत नाही' अशा अर्थाची तक्रार आली, तर तुमच्या शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, 'ब्राउझर' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामांना वाचता येणारी एक नोंद) ठरवलेला आहे. त्याचं नाव मोठ्या लिपीत असतं आणि तो बहुधा होम फोल्डरमधल्या 'डॉट-बॅशआरसी'त कधीतरी लिहिलेला असतो. या व्हेरिएबलची गंमत समजून घेण्यासारखी आहे. बॅशआरसीत लिहिलेली गोष्ट टर्मिनल उघडल्यावर लागू होते. मेन्यूतून सुरू केलेल्या मेल प्रोग्रामला तिचा पत्ताच नसतो. त्यामुळे टर्मिनलमध्ये चालवून पाहिलेली लिंक एका ब्राउझरात जाते आणि तीच लिंक मेलमधून दुसऱ्या, आणि दोघांचंही आपापल्या परीने बरोबर असतं. टर्मिनलमध्येच मेल वाचणाऱ्यांना, म्हणजे मट वगैरे वापरणाऱ्यांना, हाच व्हेरिएबल कामाला येतो. बाकीच्यांनी तो काढून टाकलेला बरा.

'एक्सडीजी-ओपन' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ही कमांड स्वतः फारसं काही ठरवत नाही. ती एक शेल स्क्रिप्ट आहे. तुम्ही कोणत्या डेस्कटॉपवर आहात ते ती ओळखते आणि काम त्या डेस्कटॉपच्या स्वतःच्या कमांडकडे सोपवते: ग्नोममध्ये 'जीआयओ ओपन'कडे, केडीईमध्ये केडीईच्या कमांडकडे. कोणताच ओळखीचा डेस्कटॉप सापडला नाही, समजा तुम्ही नुसता आय३ सारखा विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या मांडणारा प्रोग्राम) वापरता, तर मग ती स्वतः यादी वाचते आणि 'ब्राउझर' व्हेरिएबलही विचारात घेते. तिने नेमकं काय केलं ते बघायचं असेल तर कमांडच्या आधी 'एक्सडीजी_यूटिल्स_डीबग_लेव्हल=२' असं, नावातली सगळी अक्षरं मोठ्या लिपीत आणि मधे अंडरस्कोर, लिहून चालवा. कुठून कुठे गेली ते ती ओळीने सांगते.

मेल प्रोग्रामची स्वतःची आठवण

इथवर सगळं तपासलं, तिन्ही उत्तरं एकच आली, टर्मिनलमधून लिंक बरोबर उघडते, आणि तरीही मेलमधून जुनाच ब्राउझर येतो. थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या बाबतीत हे होतं आणि याचं कारण वेगळं आहे.

थंडरबर्डला सिस्टिमची नेमणूक कळते, पण त्याआधी तो स्वतःच्या वहीत बघतो. कधीतरी लिंक उघडताना 'कशाने उघडू?' अशी खिडकी आलेली असते. तिथे आपण एक ब्राउझर निवडतो, 'हे लक्षात ठेव' या चौकटीत खूण करतो आणि विसरून जातो. थंडरबर्ड विसरत नाही. नंतर सिस्टिमचा ब्राउझर दहा वेळा बदला, तो त्या दिवशी दिलेल्या उत्तरालाच धरून राहतो.

ही आठवण त्याच्या सेटिंग्जमध्येच दिसते. 'जनरल' पानावर खाली फाइली आणि अटॅचमेंट यांचा भाग आहे, तिथल्या यादीत एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस अशी नोंद शोधा. सापडली तर तिची कृती बदला: सिस्टिमचा डीफॉल्ट द्या किंवा 'नेहमी विचार' ठेवा. नोंद सापडतच नसेल तर त्याच पानाच्या तळाशी 'कॉन्फिग एडिटर' आहे. त्यात 'नेटवर्क.प्रोटोकॉल-हँडलर.वॉर्न-एक्स्टर्नल.एचटीटीपीएस' ही नोंद 'ट्रू' करा, आणि एचटीटीपीचीही तशीच. पुढच्या क्लिकला विचारणारी खिडकी पुन्हा येईल. आता निवडलेलं पुन्हा वहीत जाणार, हे लक्षात ठेवून निवडा.

एवढ्याने भागलं नाही तर वहीच बाजूला करता येते. 'हेल्प' मेन्यूतल्या ट्रबलशूटिंगच्या पानावरून प्रोफाइलचं फोल्डर उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा, आणि 'हँडलर्स.जेसन' या फाइलचं नाव बदलून ठेवा. पुन्हा सुरू केल्यावर तो कोरी वही तयार करतो. मेल, खाती, पत्ते या कशालाच धक्का लागत नाही. तरीही फाइल पुसू नका, नावच बदला, म्हणजे परतीची वाट राहते.

इव्होल्यूशन आणि केमेल या मेल प्रोग्रामांना अशी वेगळी वही नाही. इव्होल्यूशन ग्नोमच्या पद्धतीने विचारतं, केमेल केडीईच्या. घोळ होतो तो मिश्रणात: ग्नोमवर केमेल किंवा प्लाझ्मावर इव्होल्यूशन वापरत असाल, तर दोन्हीकडच्या सेटिंग्ज बघाव्या लागतील.

बंद खोलीतून मारलेली हाक

फ्लॅटपॅक किंवा स्नॅप म्हणून बसवलेला मेल प्रोग्राम एका बंदिस्त खोलीत चालतो. बाहेरचे प्रोग्राम त्याला दिसत नाहीत आणि तो ते सुरूही करू शकत नाही. हे मुद्दामच केलेलं आहे. अनोळखी माणसांनी पाठवलेला मजकूर दिवसभर उघडणाऱ्या प्रोग्रामला संपूर्ण संगणकाची मोकळीक असू नये, हे मला मनापासून पटतं.

मग लिंक बाहेर कशी जाते? फ्लॅटपॅकमध्ये पोर्टल नावाची सेवा असते, सर्व्हिस खिडकीवरच्या कारकुनासारखी. आतला प्रोग्राम 'हा पत्ता उघडून हवा' एवढं म्हणतो. कारकून बाहेरची नेमणूक बघतो, कधी तुम्हालाच 'कशाने उघडू?' असं विचारतो, आणि ब्राउझरला बोलावतो. आतल्या प्रोग्रामला कोणता ब्राउझर उघडला हेही कळत नाही.

हा कारकूनही आठवण ठेवतो. त्याच्या खिडकीत तुम्ही काही वेळा तोच ब्राउझर निवडलात की पुढे तो विचारणं सोडू शकतो. ती आठवण बघायची कमांड अशी: 'फ्लॅटपॅक परमिशन्स डेस्कटॉप-यूज्ड-ॲप्स'. पुसायची असेल तर 'फ्लॅटपॅक परमिशन-रिमूव्ह डेस्कटॉप-यूज्ड-ॲप्स' आणि पुढे 'एक्स-स्कीम-हँडलर/एचटीटीपीएस'.

क्लिक केल्यावर काहीच घडत नसेल, ना ब्राउझर ना तक्रार, तर पोर्टल चालूच नाही असा पहिला संशय घ्या. पूर्ण डेस्कटॉपवर ही सेवा आपोआप येते. स्वे किंवा आय३ सारख्या नुसत्या विंडो मॅनेजरवर 'एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल' आणि त्याच्या जोडीचं एखादं पॅकेज स्वतः बसवावं लागतं, आणि सत्र सुरू होताना आपला डेस्कटॉप कोणता हे त्या सेवेपर्यंत पोचवावं लागतं.

'काहीच घडत नाही' याचा आणखी एक प्रकार आहे आणि त्यात बिघाड काहीच नसतो. वेलँडवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सच्या नव्या व्यवस्थेत, एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी मनाला येईल तेव्हा पुढे आणता येत नाही, त्यासाठी रीतसर परवानगीची चिठ्ठी पुढे द्यावी लागते. ती चिठ्ठी वाटेत हरवली तर लिंक उघडते, पण मागे दडलेल्या ब्राउझरच्या एका नव्या टॅबमध्ये. ग्नोममध्ये फार तर वर एक छोटी सूचना येऊन जाते की ब्राउझर तयार आहे. माणूस चिडून पाच वेळा क्लिक करतो आणि नंतर ब्राउझरात एकाच पानाचे पाच टॅब सापडतात. काही तपासायच्या आधी ब्राउझरच्या खिडकीत एकदा डोकावून या.

फक्त मेलच्या लिंकांसाठी वेगळा ब्राउझर

हे मला फार उपयोगाचं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मेलमधल्या लिंका अनोळखी ठिकाणी नेतात. ज्या ब्राउझरात तुमची सगळी खाती लॉग-इन केलेली आहेत त्यातच त्या उघडाव्यात असं काही नाही. सिस्टिमचा डीफॉल्ट एक, आणि मेलपुरता दुसरा ब्राउझर किंवा त्याच ब्राउझरचं रिकामं प्रोफाइल, असं करता येतं.

सिस्टिमची यादी यासाठी उपयोगाची नाही, कारण लिंक मेलमधून आली की चॅटमधून हे तिला माहीतच नसतं. इथे थंडरबर्डची ती वही, जिने मघाशी त्रास दिला, तीच कामाला येते. फायरफॉक्समध्ये 'मेल' नावाचं नवं प्रोफाइल तयार करा. मग दोन ओळींची एक शेल स्क्रिप्ट लिहा. पहिली ओळ शेलची नेहमीची, '#!/बिन/एसएच', दुसरीत 'फायरफॉक्स -पी मेल "$१"'. यातला 'पी' मोठ्या लिपीतला, आणि डॉलरनंतरचा आकडा रोमन. डॉलरभोवतीची दुहेरी अवतरणचिन्हं गाळू नका. शेल त्या पत्त्याचे तुकडे पाडणार नाही याची काळजी तीच घेतात. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्या, आणि थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या दोन्ही नोंदींसमोर 'दुसरा प्रोग्राम निवडा' म्हणून ही स्क्रिप्ट दाखवा. थंडरबर्ड फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधला असेल तर मात्र हा मार्ग बंद, कारण बंद खोलीतून बाहेरची स्क्रिप्ट चालवता येत नाही. उबंटूच्या २४.०४ आवृत्तीपासून थंडरबर्डही स्नॅप झाला आहे, तेव्हा आपल्याकडचा कुठला आहे ते आधी बघून घ्या.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे वेबपानावरच्या ईमेल पत्त्यावर क्लिक केल्यावर कोणता मेल प्रोग्राम उघडावा, हा 'एक्स-स्कीम-हँडलर/मेलटू' या ओळीचा विषय आहे. ती ओळ त्याच यादीत असते, तिचा ब्राउझरच्या ओळींशी संबंध नसतो. फक्त एक फरक: ब्राउझरांनाही मेलटूसाठी स्वतःच्या सेटिंग्ज असतात, त्या आधी बघा.

मी आता एक मेल स्वतःलाच पाठवून ठेवला आहे. त्यात एचटीटीपीने सुरू होणारी एक लिंक, एचटीटीपीएसची एक, आणि जोडलेली एक चिमुकली एचटीएमएल फाइल, एवढंच आहे. त्याला तारांकित करून ठेवलंय. ब्राउझर बदलला, डिस्ट्रिब्यूशनची नवी आवृत्ती बसवली किंवा मेल प्रोग्राम पॅकेजमधून फ्लॅटपॅकवर नेला, की तो मेल उघडायचा आणि तिन्हींवर एकेक क्लिक करायचं. तिन्ही अपेक्षित जागी उघडले तर ठीक. एखादं चुकलं, तर कोणत्या ओळीत शोधायचं ते कोणतं चुकलं यावरूनच कळतं.